घोड्याच्या डोक्यावरची खिडकी

लग्नानंतर साताऱ्यात आम्हाला भाड्यानं मिळालेलं घर म्हणजे एका सरदाराची जुनी पागा. तिथं खोल्या कुणी मोजत नसे, ठाणं मोजत. एक ठाण म्हणजे एका घोड्याची जागा. आमच्या वाट्याला दोन. हे सांगलीला माहेरी कळवलं, तर आईनं उलट टपाली विचारलं, "चारा वेळेवर मिळतो ना?"

कमानींत विटा भरून बिऱ्हाडं पाडलेली. दगडी गव्हाणीत मी डबे मांडले. फरशीला मोरीकडं उतार, घोड्यांचं मूत वाहून जावं म्हणून; हातून वाटाणा सुटला तर थेट मोरीत. हे सगळं मी हसण्यावारी नेलं. खिडकीचं मात्र जमेना. दारं चौकात, रस्ता मागच्या भिंतीपलीकडं, आणि त्या भिंतीतली एकुलती एक खिडकी पार उंचावर. गव्हाणीत चढलं तरी चिंचेचा शेंडाच दिसायचा.

हे फौजेत. वर्षातून एकदा रजा. परत निघाले की बुटांचा आवाज भिंतीमागून जायचा आणि पंधरवड्यानं पत्र यायचं, 'कोपऱ्यावर थांबून तुझ्या खिडकीकडं हात केला.' मी लिहायची, 'हात पोचला.' त्या हातावर माझं वर्ष निघायचं. तो एकदा डोळ्यांनी बघावा, एवढंच मनात होतं.

शेजारचे म्हातारबाबा पूर्वी याच पागेत घोडी सांभाळायचे. खिडकी खाली घ्यायला मालकांना सांगा, असं मी त्यांना म्हटलं.

"आवं वैनी, ती मुद्दाम वर हाय. भाईरचं दिसलं की जनावर दाव्याला हिसकं देतंय."

"मग मी काय घोडी आहे?" मी फणकारले. बाबा ओशाळले.

पुढच्या रजेत ह्यांनी नवी ट्रंक घेतली, जुनी काळी घरी ठेवली. रजा संपून हे चौकाबाहेर पडताच मी ती गव्हाणीत चढवली आणि वर उभी राहिले. रस्ता पहिल्यांदाच सबंध दिसला. हे आले. कोपऱ्यावर ट्रंक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि वळून गेले. थांबले नाहीत. विसरलं असेल, परत येतील म्हणून मी पाय भरून येईपर्यंत उभी होते.

पंधरवड्यानं पत्र आलं. 'नेहमीसारखा कोपऱ्यावर हात केला.' आधी संताप आला, मग इतकं एकटं वाटलं की दिवसभर चूल पेटवली नाही. आजवरचे सगळे हात त्या एका ओळीत गेले.

संध्याकाळी ट्रंक खाली उतरवली, गव्हाणीत डबे परत लावले आणि उत्तर लिहायला बसले.

'हात पोचला.'