न विचारता छापलेली सात नावं

वीस वर्षांची पोरगी घर सोडून शहरात निघते, तेव्हा 'जपून राहा' याखेरीज तिला सांगायला तुमच्याजवळ दुसरं काही आहे का? माझ्या वेळी तरी कोणाजवळ नव्हतं. उमरेडच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला अर्धी गल्ली आली होती आणि जो तो तेच सांगत होता. आता मी चाळिशी ओलांडली. पुढच्या महिन्यात माझी भाची नागपूरला कामाला येते आहे, तिलाही सगळे तेच सांगत आहेत, आणि माझ्या अंगात पुन्हा तोच जुना संताप उसळतो आहे. म्हणून त्या वीस वर्षांच्या मुलीला, म्हणजे मलाच, लिहायला बसले आहे. भाचीने वाचलं तर उत्तमच.

तर ऐक. तू बसच्या खिडकीशी बसली आहेस. साठचं दशक संपायला आलं आहे, हिंगण्याला नवे कारखाने निघाले आहेत आणि विजेचे स्विच जोडण्याच्या कामावर मुली घेत आहेत. विणकरांच्या आपल्या गल्लीतून नोकरीसाठी बाहेर पडणारी तू पहिली. बाबा मागावरून उठून आलेत, अंगावर सुताचा भुगा तसाच. माय तेवढी 'जपून राहा' म्हणत नाही. ती विचारते, "तू चालली, तं कांड्या कोण भरन वं?"

तुला राग येतो. पोरगी चालली आणि हिला सुताच्या कांड्यांचं पडलंय. पण बस सुटल्यावर उमरेड मागे पडतं तसा तो राग कुठल्या कुठे जातो. तू उभ्या जन्मात एवढी खूश नव्हतीस. खुशाल खूश राहा. घर सोडताना रडू आलं नाही म्हणून पुढे कितीतरी दिवस तू स्वतःला दोष देशील. तो देऊ नकोस.

तू पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा माल पोचवायला नागपूरला जात आणि येताना सभांमधून, मोर्च्यांमधून मिळालेली पत्रकं घडी करून आणत. गुलाबी, पिवळी, हिरवी. ते माग चालवत आणि तू ती मोठ्यानं वाचायचीस. शाळेच्या पुस्तकाआधी तुला 'शोषण' हा शब्द वाचता येत होता. प्रत्येक पत्रक 'बंधूंनो' असं सुरू व्हायचं. एकदा माय रहाटावर सूत गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "सारं भावायलेच सांगते का हे? बहिणी गेल्या कुठं?" बाबा हसले. तू हसली नाहीस.

शहरात गेल्यावर ते वाक्य तुझ्या डोक्यात पेटलं. सीताबर्डीजवळच्या बायकांच्या वसतिगृहात एक खाट, कंपनीची बस, शिफ्ट, पंचिंग, कॅन्टीनमधला चहा. पगाराच्या कागदावर तुझं स्वतःचं नाव छापून आलं आणि तुला गल्लीतल्या बाया आठवल्या. धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत भरून देतात त्या कांड्या. जन्मभर बाया त्या भरतात. त्यांच्यावाचून माग एक वीतही पुढे जात नाही. पण सूत देणाऱ्या सोसायटीत सभासद फक्त पुरुष. विणकर म्हणजे जो मागावर बसतो तो.

तू पत्रक लिहिलंस. 'बहिणींनो' असं सुरू होणारं, कांड्या भरणाऱ्या बायांनाही सभासद करा असं मागणारं. ते चांगलं होतं, आजही मला पाठ आहे, आणि आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. वय झालं की माणूस तरुणपणीच्या स्वतःला सांगतो, जरा थंड घे. मी सांगणार नाही. तू जे लिहिलंस ते खरं होतं.

चूक झाली ती सीताबर्डीच्या गल्लीतल्या छापखान्यात. पत्रकाच्या शेवटी निवेदकांची नावं लागतात. एकच नाव असेल तर कोण विचारतो? खिळे जुळवणारे काका नावं मागत होते आणि तू उभ्या उभ्या सांगत गेलीस. आधी मायचं. मग शेजारच्या शांताकाकूचं, जिच्या ओसरीवर तू लहानपणी झोपायचीस. मग आणखी पाच जणींची. काकांनी हात थांबवून विचारलं, "या बायायले इचारलं ना बाई?"

तू म्हणालीस, "घरच्याच आहेत."

आणि मग बाजाराच्या दिवशी उमरेडला उतरलीस ती थेट घरी गेलीच नाहीस. आधी बाजारात पत्रकं वाटलीस. केवढा जोर होता तुझ्या पायांत! घरी पोचेपर्यंत पत्रक तुझ्या आधी पोचलं होतं. कोणीतरी चहाच्या टपरीवर ते मोठ्यानं वाचलं होतं आणि शांताकाकूचा नवरा आपल्या ओसरीवर येऊन, आता बाया पुढारी झाल्या, आम्हीच कांड्या भरतो, असं बरंच काही बोलून गेला होता. मायला वाचता येत नव्हतं. तिनं तुला समोर बसवलं आणि वाचायला सांगितलं. प्रत्येक मुद्द्याला ती मान हलवत होती. तू फुलत होतीस. मग शेवटी तिचं नाव आलं.

"हे माहं नाव काहून टाकलं?"

तुला पटतं म्हणून, असं काहीतरी तू म्हणालीस.

"पटते ना. सारं खरं आहे. पण मले इचारलं काहून नाई? सोसायटीवाले मले इचारत नाईत, अन् तू बी नाई इचारलं."

पोरी, पुढे तू पुष्कळ भाषणं ऐकशील. याच्याइतकं कोणतंही लागणार नाही.

दोन दिवसांनी सोसायटीचा निरोप आला. सातही घरांचं सूत थांबवलं होतं. बायांनी येऊन सांगावं, आम्ही नाव दिलं नव्हतं, की सूत सुरू. खरं सांगितलं असतं तरी सुटका होती. शांताकाकू लगेच गेली, तिच्या मागे दोघी गेल्या. आपला माग उभा राहिला. घरात तो आवाज बंद झाल्यावर बाबांना कुठे बसावं ते कळेना. तू रजा वाढवलीस आणि मायच्या मागे लागलीस, सांग ना तिथं, तुझं नाव तूच दिलं म्हणून. ती उठली. लुगडं बदललं आणि निघाली. तू सोसायटीच्या दाराबाहेर उभी राहून ऐकलंस.

आत सेक्रेटरीनं विचारलं, नाव तुम्ही दिलं होतं का?

"नाई. पोरीनं टाकलं, मले न इचारता." तू आत जायला पाऊल उचललंस. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण आता तुमी इचारून राहिले, तं सांगते. राहू द्या ते नाव."

ती परत आल्यावर उरलेल्या तिघी गेल्या आणि तेच सांगून आल्या. आठवड्यानं सूत सुरू झालं, कारण चार घरचे माग उभे राहिल्यावर सोसायटीलाही तेवढा माल मिळत नव्हता. बाया सभासद व्हायला मात्र पुढे कित्येक वर्षं गेली. पहिल्या यादीत माय होती. त्या दिवशी मी ओव्हरटाइम टाकून उमरेडला पळाले होते. शांताकाकू मात्र माझ्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. मीही तिच्या दारी गेले नाही, कारण मला वाटायचं, ती घाबरली. तिला कोणी विचारलंच नव्हतं, हे मला ती गेल्यावर कळलं.

आज हिंगण्याला माझ्या लाइनवर साठ बाया आहेत. मागणीचा कागद घेऊन मी एकेकीच्या टेबलाशी जाते. वेळ लागतो. तरुण पोरी वैतागतात, ताई, सगळ्या आपल्याच आहेत, टाका ना नावं. नागपुरात माझं घर आहे, नवरा आहे, दारात तुळस आहे. उमरेडला आता ओळखीचे दोनच माग चालतात. तरी घर कुठलं म्हणून विचारलं तर मी अजून उमरेड सांगते. ज्यांना गृहीत धरण्याची सगळ्यात जास्त हिंमत मी केली ती माणसं तिथली. ज्यांना आधी विचारायला हवं होतं, तीही तीच. माझ्यापुरता घराचा अर्थ आता तेवढाच आहे.

गाव सोडून आलेल्या आणि गावासाठी काही लिहिणाऱ्या सगळ्यांना माझं मागणं आहे. निवेदन असो, अर्ज असो, पत्रक असो. तुमच्याही खिशात सध्या एखादा कागद असेल. छापायला देण्याआधी येत्या सुट्टीला बस पकडा. ज्यांची नावं खाली लिहिणार आहात त्यांच्यापुढे बसून तो सगळा वाचून दाखवा. जी नाही म्हणेल तिचं नाव खोडा. आणि तिच्याकडचा चहा घेतल्याशिवाय उठू नका.