पोळ्यांनी होणारा आजार

१९९९ साली गोंदियाच्या स्टेशनवर मला सोडायला सगळं घर आलं होतं, आणि घरासोबत तांदळाचं एक पोतं. बाबूजींनी ते सीटखाली कोंबलं आणि समोरच्या प्रवाशाला सांगितलं, "भाईसाब, पाँव मत रखना, चावल है." मला काय म्हणाले ते आठवत नाही, बहुधा काहीच नाही. माय मात्र गाडी हलेपर्यंत खिडकीशी एकच सांगत होती, "तिकडं पोळ्याच खातेत म्हणे. भात मागून घेजो." तिरोड्याजवळच्या आमच्या गावातून पुण्याला नोकरीसाठी निघालेली मी पहिली मुलगी, आणि तिला काळजी माझ्या ताटाची.

तुमच्यापैकी जे आमच्या भागातून बाहेर पडले, त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे भात झाला नाही म्हणजे जेवणच झालं नाही. पुण्यात मेसच्या काकू सगळ्यात शेवटी मूदभर भात वाढायच्या. मी आणखी मागितला की टेबलावरच्या मुली गालातल्या गालात हसायच्या. हळूहळू पोळ्या अंगवळणी पडल्या. "काऊन" जाऊन "का गं" आलं. शिफ्ट, फ्लॅटमेट, वीकेंड हे शब्द माझे झाले, आणि मला ते आवडलेही.

चार-पाच वर्षांनी ऑफिसात पहिला अटॅक आला. मीटिंग चालली होती, माझ्या बोलण्याची पाळीही नव्हती. छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि आता आपण मरतो याची पक्की खात्री झाली. हृदयाच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या तेव्हा डॉक्टरांनी एका सायकियाट्रिस्ट बाईंकडे पाठवलं. बाईंनी पॅनिक अटॅक हे नाव सांगितलं, गोळी सुरू केली आणि दीडेक वर्षानं हळूहळू कमी करत बंदही केली. मायला फोनवर सांगितलं तेव्हा तिचं निदान तयार होतं. "पोळ्या खाऊन होऊन राहिलं ते. गहू गरम असते." हसू नका. मी हसले होते, पण आत कुठेतरी मलाही तसंच वाटायचं. आजार पुण्याचा आहे, गावात तो येणार नाही, असं मी धरून चालले होते.

काही वर्षांनी तो परत आला, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. बाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, आधी अर्धी, मग पूर्ण. "मागच्या डोसवर भागेलच असं नाही, बघत बघत वाढवू," म्हणाल्या. पहिले पंधरा दिवस उलट वाईट गेले. मळमळ व्हायची, झोप उडाली होती. मग जरा थाऱ्यावर आले, तोवर दिवाळी आली आणि मी गावी निघाले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. जत्रा, नाचगाण्याची दंडार, आणि घरोघरी पाहुणेच पाहुणे. मायनं माझ्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं पाहिली. "पाहुण्यात दिसलं तं डोक्याच्या गोळ्या म्हणतीन," ती म्हणाली. "आता घरी आली ना तू? भात खाय. कायले पाहिजे गोळी?" मला ते लगेच पटलं. खरं तर फार बरं वाटलं. पाकिटं बॅगेच्या तळाशी गेली आणि मी तीनही वेळा भात खायला लागले.

मंडईपर्यंत आठवडा होत आला. एक-दोन दिवस डोकं हलकं वाटत होतं, मध्येच वीज चमकून गेल्यासारखं व्हायचं. मी प्रवासाचा शीण म्हटलं. दुपारी दंडार रंगात आली होती, बायकांच्या घोळक्यात मी मायला खेटून बसले होते, आजूबाजूला एकही परका चेहरा नव्हता. आणि तिथे तो आला. "माय, मी मरून राहिली!" असं मी ओरडले. इतक्या वर्षांत घरची बोली अशी माझ्या तोंडून निघाली नव्हती.

बाबूजींनी मोटरसायकल काढली, मायनं मागून मला घट्ट धरलं, आणि आम्ही तिरोड्याला डॉक्टरांकडे गेलो. कार्डिओग्राम चांगला आला. गोळी सोडल्याचं ऐकून त्यांनी मला पुण्याला फोन लावायला सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. "अशी एकदम सोडायची नसते, शरीर बावरतं. आणि मूळचा त्रासही गेलेला नाही. आज अर्धी घ्या, आठवड्यानं पूर्ण. इकडे आलात की डोस बघू."

बाहेर बाकावर माय माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "इथं तं पोळीच नाही. तीनही टाइम भात खाल्ला तुनं. मंग काऊन झालं?"

टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. मला रडू कोसळलं. अटॅकची भीती तर ओसरली होती. पुण्यात काहीही झालं तरी एक जागा आहे, तिथे पोचलं की सगळं ठीक होईल, या आधारावर मी इतकी वर्षं काढली होती. तो आधार त्या बाकावर सुटला, आणि फार वाईट वाटलं. मायनं पदरानं माझं तोंड पुसलं. "अर्धी म्हणली ना बाई? चाल, घरी जाऊन घे."

घरी ओसरी पाहुण्यांनी भरलेली. मोठीमाय, म्हणजे बाबूजींची वहिनी, मधोमध बसलेली. तिनं माझ्या हातातलं पाकीट हेरलं. "कायची गोळी होय बाई?" मी डोकेदुखीची म्हणणार, तेवढ्यात माय पाण्याचा गिलास घेऊन आली आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं बोलली, "तिले घबराट होते, त्याची होय. तू आपली बीपीची घेतली का सकाळी? नाही ना? तं आधी ते घे, मंग इचारजो." मोठीमाय उठून आपली पिशवी शोधायला लागली.

गोळी आजही चालू आहे, पूर्वीपेक्षा जरा जास्त डोसवर. कमी कधी करायची ते बाई आणि मी मिळून ठरवू. गावी जाताना ती आता बॅगेच्या वरच्या कप्प्यात असते, आणि ओसरीत चारचौघांत मी ती घेते. मागे राहिलेले विचारतात, गावाची आठवण येते का? येते, पण आता ती वेगळी येते. पूर्वी मी बरी होण्यासाठी घरी जायचे. आता बरी नसले तरी जाते.