अँड्र्यूच्या नावाखालची कोरी जागा

प्रा. मुकुंदराव खांडवीकर सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते नगरच्या कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत. सर एका कबरीपाशी गुडघे टेकून बसले होते आणि त्यांच्या हातात गव्हाच्या पिठाची पुडी होती. एम.ए.च्या आम्हा सहा जणांना त्यांनी वर्गाऐवजी तिथेच बोलावले होते. झिजलेल्या दगडावर त्यांनी पीठ चोळले, वरचे फुंकून टाकले आणि अक्षरे उमटली : कॅप्टन अँड्र्यू, ग्लेनटॉरी घराणे, स्कॉटलंड. "या माणसाचे घराणे शोधायचे आहे," सर म्हणाले. बाकीचे पाच जण चहाला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. मी थांबले, ती पुढे अठरा वर्षे.

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला 'गोड लिहा' असे सांगितले आहे. प्रयत्न करते.

सरांचे उपकार मोठे आहेत, ते आधी सांगते. दुसऱ्या वर्षी वडिलांनी माझे शिक्षण थांबवून लग्न ठरवायला घेतले, तेव्हा सर एसटीने पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आले. ओट्यावर बसून म्हणाले, "ही मुलगी तुमच्या घराचे नाव काढील." वडील म्हणाले, "लेकीनं कुनाचं नाव काढायचं, सर? ती तर परक्याचं धन." सरांनी तासभर वाद घातला आणि मला परत नगरला आणले. त्या दिवशी सर आले नसते, तर आज मी हे लिहीत नसते. म्हणूनच पुढचे लिहिताना हात जड होतो.

सरांची कामाची पद्धत आपल्याकडचीच होती. तरुणपणी त्यांनी वतनदारांच्या वंशावळी लिहिल्या होत्या. तोच लांब कागद, तीच लाल रेघ, मुलाखाली मुलगा. मुली लिहायच्या नाहीत, आणि ज्याला मुलगा नाही त्याच्या नावाखाली 'वंश खुंटला' असा शेरा. स्कॉटलंडच्या सरदारांनाही सरांनी हाच न्याय लावला. आता त्या घराण्यात एकदा सरदारकी मुलीकडे गेली होती. तिकडे तसे चालते. सरांना ते काही पटेना. त्यांनी त्या मुलीच्या नवऱ्याला 'दत्तक' करून टाकले आणि रेघ पुढे नेली. ग्लेनटॉरीवाल्यांना मराठी येत नाही. आपल्या कुळात एक दत्तकविधान झाले आहे, हे त्यांना अजून ठाऊक नाही. त्यांनी घराण्याचे चिन्ह चौकटीत बसवून पाठवले. सावेडीला सरांच्या बैठकीत ते लावलेले आहे.

कॅप्टन अँड्र्यू अविवाहित वारला, अशी सरांची खात्री होती. पण चर्चच्या लग्नाच्या वहीत मला त्याची नोंद सापडली. बायकोचे नाव सगुणा, गाव पारनेर तालुक्यातले. बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांची एकुलती एक मुलगी सापडली, मार्था. त्या गावात विचारत विचारत मी रूथआजींच्या दाराशी पोचले. त्यांच्याकडे एक जुने मराठी बायबल आहे. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर पाच नावे आहेत. सगळ्यात वर मार्था, सगळ्यात खाली रूथ. "ह्ये पुस्तक आमच्यात ल्योकाला न्हाई देत," आजी म्हणाल्या. "आईकडनं लेकीला जातं. मार्था माझी खापरपणजी." मी पानाचा फोटो काढला, तेव्हा त्यांनी विचारले, "तिचं नाव छापून येईल का गं?"

मी म्हणाले, "येईल." माझ्या आयुष्यात मी दिलेला हा सर्वांत स्वस्त शब्द.

दोन्ही वह्यांच्या नकला आणि तो फोटो मी सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी शांतपणे पाहिले, चष्मा पुसला. "लग्नाची नोंद उत्तम मिळवलीस. पण मुलगीच ना? म्हणजे वंश खुंटलाच."

"सर, त्या घराण्यात मुलीही वंशात धरतात."

"आपल्या पद्धतीत बसत नाही, अलका."

ग्लेनटॉरी घराण्यावरचा सरांचा ग्रंथ निघाला. सत्कार झाले, शाली आल्या. प्रस्तावनेत माझाही उल्लेख आहे : 'सौ. अलका हिने टंकलेखनास मदत केली. ती मला मुलीसारखी आहे.' ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. सरांच्या वंशावळीत मुली कुठे असतात, हे मला चांगले माहीत होते. अठरा वर्षे त्यांची पानेच लिहीत होते मी. राग आला, अजूनही येतो. पण तो माझ्यापुरता मी गिळला असता.

रूथआजींना प्रत द्यायला मीच गेले. त्यांच्या नातीने पान उघडून मोठ्याने वाचले : 'कॅप्टन अँड्र्यू. पत्नी सगुणा. वंश खुंटला.' आजींनी पुस्तक जवळ ओढून त्या ओळीवर बोट ठेवले. मग त्यांनी विचारले, "खुंटला? मंग मी कोन हाय गं?"

मी चहा न घेता उठले.

आता सर पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत आणि ग्लेनटॉरी ग्रंथाची दुसरी आवृत्ती छपाईला जायची आहे. मुद्रिते सरांच्या टेबलावर आहेत. त्यात मार्थाची ओळ मी परस्पर घालू शकले असते; मुद्रिते तपासते मीच. घातली नाही. माझ्या वडिलांशी ओट्यावर भांडलेल्या माणसानेच ती घालावी, असा माझा हट्ट आहे.

सरांना उदंड आयुष्य लाभो, हात थरथरू नये, दृष्टी शाबूत राहो. रूथआजी सरांहून दहा वर्षांनी मोठ्या आहेत, तेव्हा सरांनी थोडी घाई करावी. 'वंश खुंटला' हा शेरा काढला, की कॅप्टन अँड्र्यूच्या नावाखाली दोन बोटे जागा कोरी राहते. मी मोजून पाहिली आहे, सर. मार्था त्यात मावते.