विहीणबाईंच्या तिसऱ्या आणि माझे मोदक

एका बाईचं जन्माचं काम मी एकदा उकडीच्या मोदकांखाली दडपून मारलं. ती बाई म्हणजे माझ्या मुलीची सासू. नातवंडांना मी फार शहाणी वाटते, तेव्हा हे त्यांच्या कानावर जाऊ नये एवढंच. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आमच्या विहीणबाई म्हणजे जगात न मोजलेलं काही उरू नये म्हणून जन्माला आलेलं माणूस. शरीरातल्या पेशी अन्नाची ताकद कशी करतात नि ती कुठे उडवतात, हे मोजण्यात त्यांची सगळी नोकरी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत गेली. त्या निवृत्त झाल्या त्या नोकरीतून, मोजण्यातून नव्हे. किहीमला आमच्याकडे आल्या की चहात दूध पिपेटने सोडत आणि शेजारी नुसत्या गरम पाण्याचा कप मागत. "हा ब्लँक. ज्यात काही नाही ते आधी बघावं, मग ज्यात आहे त्याबद्दल बोलावं." माझ्या सोलकढीलाही पाण्याच्या वाटीची सोबत लागे. त्यात पुन्हा तीनदा चाखल्याशिवाय मत द्यायचं नाही, त्यामुळे कढी बरी झालीय हे मला कळे तेव्हा पातेलं घासायला गेलेलं असे. एकदा माडावरून उतरलेल्या गड्याचं बोट त्यांनी टोचलं, मेहनतीने रक्तात लॅक्टेट किती चढलं ते बघायला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वयनी, नारळ पाडायला बोलावलंत का रगत काढायला?" विहीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "दोन्ही. आता जरा टेका, मग परत टोचते." तो टेकला नाही. पुढे कितीतरी दिवस आमचे नारळ आपणहून पडतील तेव्हाच खाली येत होते.

त्यांच्या डोक्यात एक कोडं मात्र राहून गेलं होतं. ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे आपल्या खायच्या शिंपल्या, वाळूत कवचं मिटून बसतात. पाणी नाही, श्वास नाही, तरी जगतात. तेवढ्या वेळात त्यांच्या पेशींतली एन्झाइमं काय करून घर चालवतात? हे मोजायचं यंत्र त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत होतं, पण ते भंगारात निघालेलं. फार विनवण्यांनंतर एका दिवसापुरतं ते त्यांना मिळालं. नव्या यंत्राला निवृत्तांनी हात लावायचा नाही, असा तिथला कायदा.

त्या सकाळी ओहोटीला त्या साडी खोचून वाळूत बसल्या, तिसऱ्या उघडून तिथल्या तिथे चिमुकल्या नळ्यांत भरल्या आणि नळ्या थर्माकोलच्या पेटीत बर्फात रोवल्या. मला बजावलं, "थंड आहे तोवर आतलं काम जागच्या जागी थांबलेलं आहे. ऊब लागली की सगळं संपलं." मी हो हो म्हटलं. मी तेव्हा मुलीची आई, त्यात नवीकोरी विहीण. अक्कल पदराला बांधली होती आणि पदर सारखा सावरण्यातच माझा दिवस जात होता. मुलीची सासू आपल्या दारातून निघाली आणि पेटीत काय, तर बर्फ! लोक काय म्हणतील? बर्फ काय मुंबईत मिळत नाही? त्या आंघोळीला गेल्या तेवढ्यात मी तो मोरीत ओतला. नळ्या जपून तळाशी ठेवल्या (अगदीच वेडी नव्हते), वर केळीचं पान, पानावर वाफाळते मोदक, मोदकांवर दुसरं पान आणि झाकणाला गच्च चिकटपट्टी. थर्माकोलमध्ये ऊब किती छान टिकते, हा शोध माझा मलाच लागला होता आणि मी खुशीत होते. मांडव्याला मुंबईच्या रो-रो बोटीवर त्यांना बसवताना पेटी मांडीवर घ्या, असंही वर सांगितलं.

दुपारभर मी त्या काय म्हणतील याची वाट बघत होते, मोदकांबद्दल. फोन आला तो संध्याकाळी. आवाज नेहमीसारखाच, एकेक शब्द तोलून टाकलेला.

"विहीणबाई, तिसऱ्या शिजल्या. यंत्र दिवसभर माझं होतं, वाया कसं घालवू? म्हणून तुमचा मोदक मोजला. गूळ थोडा जास्त आहे. उरलेले यंत्राशेजारच्या माझ्या जुन्या टेबलाशी बसून खाल्ले. सगळी नोकरी मी तिथे कॅन्टीनचा पाव खाल्ला हो. घरून डबा आला तो आज, ते टेबल कायमचं सोडायच्या दिवशी."