कर्केचा बारावा अंश

शाळेतून निवृत्त झाल्यावर जो तो मला काहीतरी शिकायला सांगत होता. कुणी पेटी, कुणी योगासनं, कुणी केक. मी ज्योतिष निवडलं, तेही मुख्यतः क्लास घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता म्हणून. गंगापूर रोडला एका मेडिकलच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, दर शनिवारी दुपारी आम्ही नऊ बायका आणि दोन गृहस्थ सतरंजीवर बसायचो. शिकवणारे सर जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी साखळ्या, हद्दीचे दगड आणि नकाशे यांत गेलेली, त्यामुळे आकाशाकडेही ते मोजणीदाराच्याच नजरेनं बघत. रास म्हणजे तालुका आणि अंश म्हणजे गट नंबर, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सरांकडे एक जाड वही होती. राशिचक्राचे तीनशे साठ अंश, आणि प्रत्येक अंशाचं एक चित्र. काढलेलं नव्हे, शब्दांत लिहिलेलं. पुरातून पोहत येणारा बैल. आरशाकडे पाठ करून केस विंचरणारी मुलगी. उंबराखाली झोपलेला टपालवाला. प्रत्येक चित्राखाली दोन रकाने होते, उजेड आणि सावली. उजेडात त्या अंशाचं देणं, सावलीत त्याची अडचण. कुठल्याकुठल्या जुन्या पुस्तकांतून त्यांनी ही वही जमवली होती आणि काही चित्रं, मला वाटतं, त्यांनी स्वतःच रचली होती.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. जोडीदाराच्या पत्रिकेतल्या चंद्राचा अंश काढायचा आणि त्या अंशाची सावली त्याला सांगायची. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं की सावली समोरच्याला प्रश्न म्हणून सांगायची, निकाल म्हणून नाही. मी ते वहीत लिहूनही घेतलं. खाली रेघ मारली.

माझी जोडीदारीण मखमलाबादच्या पुढून यायची. घरची फुलशेती. गुलाब, शेवंती, निशिगंध. पहाटे नवऱ्याबरोबर फुलबाजारात माल घालायचा, घरी जाऊन स्वयंपाक उरकायचा आणि शनिवारी दुपारी बस पकडून क्लासला यायचं, असा तिचा शिरस्ता. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगून टाकलं होतं, 'ताई, मला अहो-जाहो नका करू, कानाला गुदगुल्या होतात.' क्लासमध्ये मला तीच जास्त आवडायची. शंका आली की ती लगेच विचारायची. आम्ही बाकीच्या समजल्यासारख्या माना हलवायचो.

तिचा चंद्र कर्केत होता, बारा अंश वीस कला. कर्क ही चंद्राची स्वतःची रास, त्यात पुष्य नक्षत्र. याहून चांगला चंद्र शोधून सापडायचा नाही. पण आम्हाला शोधायची होती सावली. मी सरांच्या जाड वहीत कर्केचा बारावा अंश काढला. चित्र होतं, 'भरलेली टोपली घेऊन बंद दारासमोर उभी असलेली बाई'. सावलीच्या रकान्यात सरांनी एकच ओळ लिहिली होती, 'देणं आणि आपलं मानलं जाणं यांत गल्लत'.

मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. दोन ओळी दिल्या की त्यांचं पानभर रसग्रहण करायचं, ही सवय हाडात भिनलेली. टोपली म्हणजे काय, दार म्हणजे काय, ती बाई उभीच का, बसली का नाही, सगळं मी तिला उलगडून सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, 'तू आयुष्यभर देत राहशील, आणि जिथं तुला सगळ्यांत जास्त जावंसं वाटेल, नेमकं तिथलं दार बंद असेल.' हे वाक्य मला शब्दशः आठवतं, कारण त्या वेळी ते मला फार छान जमलंय असं वाटलं होतं.

मग तिनं विचारलं, 'आतून बंद का बाहेरून?'

'आतून,' मी म्हणाले. चित्रात तसं काहीही लिहिलेलं नव्हतं.

तिनं आपले कागद पिशवीत घातले आणि बस निघून जाईल म्हणून ती दहा मिनिटं आधीच उठली. माझ्या चंद्राची सावली त्या दिवशी राहूनच गेली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. मग दिवाळीची सुट्टी. सुट्टीनंतरही दोन शनिवार तिची जागा रिकामी. मी फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. मेसेज पाठवला, त्यावर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तिसऱ्या शनिवारी क्लास सुटल्यावर मी सरांपाशी सहज विचारल्यासारखी चौकशी केली.

सर सतरंजी गुंडाळत होते. त्यांनी सांगितलं की तिचं माहेर नांदगावचं. सहा वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा भावाकडून निरोप उशिरा पोचला आणि ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दारातच ती भावाला नको ते बोलली, आणि तेव्हापासून जाणं-येणं बंद. यंदा भाऊबीजेला जायचं तिनं मनाशी ठरवलं होतं. दिवाळीच्या चार दिवस आधी ती सरांकडे येऊन विचारून गेली होती, की वहीत लिहिलेलं टळतं का.

'तुम्ही काय सांगितलंत?' मी विचारलं.

'जा म्हणालो. गेली की नाही, माहीत नाही.'

घरी येईपर्यंत मला पायऱ्या कशा उतरले, रस्ता कसा ओलांडला, काही कळलं नाही. माहेरच्या दाराकडे जायला निघालेल्या बाईला मी दार आतून बंद आहे म्हणून सांगितलं होतं. तेही तिनं विचारल्यावर, ठामपणे.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस वाईट गेले. भाजी चिरताना, पेपर वाचताना ते वाक्य डोक्यात यायचं. ती गेलीच नाही, आणि आता सातवं वर्षही तसंच जाणार, असं मी धरूनच चालले होते. मधेच वाटायचं, आपण स्वतःला फार मोठं समजतोय, एका रिटायर्ड मास्तरणीच्या बोलण्यावर कोण असं थांबतं? पण ती सरांकडे विचारायला गेली होती, तेव्हा ते समाधानही टिकत नव्हतं.

मग एका सकाळी मी पुन्हा माझी वही उघडली आणि मला चूक सापडली. सर सुरुवातीपासून सांगत होते की चित्र बघायचं ते चालू अंशाचं. मुलाला बारा वर्षं पूर्ण झाली की आपण तेरावं लागलं म्हणतो, तसं. बारा अंश वीस कला म्हणजे बारा अंश संपले, तेरावा चालू. मी बारावं चित्र वाचलं होतं. ती टोपलीवाली बाई तिची नव्हतीच.

मला इतकं हलकं वाटलं की मी तशीच चपला घालून सरांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आतून जाड वही आणली, कर्केचा तेरावा अंश काढला आणि माझ्यापुढे धरला. 'दुसऱ्यांच्या शेताला पाणी देऊन स्वतः कोरडी पडलेली विहीर.' त्याची सावली तर आणखीच काळी होती.

'आता हे जाऊन सांगणार तिला?' त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, अंश चुकला हे जरूर सांगा, पण तेवढंच सांगून मोकळ्या होऊ नका. अंश बरोबर असता तरी तुम्ही असंच बोलला असतात. ते रागावलेले नव्हते. मोजणीत चूक निघाल्यावर शेतकऱ्याला सांगावं तशा आवाजात त्यांनी ते सांगितलं. मग थोडा वेळ मी ती वही चाळत बसले. कुठलंही पान उघडलं तरी त्यातली सावली तिला लागू पडत होती. मलाही पडत होती. बहुधा खालच्या मेडिकलवाल्यालाही पडली असती.

दुसऱ्या दिवशी मी सिटी बसनं मखमलाबादला उतरले आणि तिथून रिक्षा केली. मळ्यात पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. शेडखाली ती गुलाबाच्या जुड्या बांधत बसली होती. एकेक दांडा उचलायचा, खालची पानं ओरबाडायची, वीस झाले की रबर लावायचं. मला बघून ती उठली नाही. बाजूचं पोतं झटकलं आणि 'बसा' म्हणाली.

मी बसले, आणि वाटेत जुळवलेलं सगळं भाषण बाजूला राहिलं. मी एवढंच म्हणाले, 'त्या दिवशी मी तुला जे सांगितलं ते मला सांगायला नको होतं. आणि दार आतून बंद आहे हे तर मी माझ्या मनचं सांगितलं.' अंशाची चूक मी त्याच्यानंतर सांगितली.

तिनं हातातली जुडी पुरी केली. मग म्हणाली, 'मी गेले होते ताई, नांदगावला.'

आणि तिनं काम करता करता सगळं सांगितलं. भाऊबीजेला सकाळची गाडी धरून ती निघाली. पिशवीत शेवंतीची फुलं, करंज्या आणि भावासाठी शर्ट. जाण्याआधी फोन केला नाही, कारण फोनवर तो नको म्हणाला असता तर तिथंच विषय संपला असता. स्टेशनवरून चालत घरापाशी पोचली तर दाराला भलं मोठं कुलूप. गल्लीत सगळीकडे बहिणी आलेल्या, घराघरांत ताटांचे आवाज, आणि ही पिशवी घेऊन कुलपापुढे उभी.

'मग मी वट्यावर बसले,' ती म्हणाली. 'आणि तिथं बसून तुम्हाला लय शिव्या दिल्या. तुमच्या त्या वहीलाही दिल्या. म्हटलं, या बाईनं आधीच सांगितलेलं, तरी मी आले.'

परतीची गाडी केव्हा आहे हे ती मोबाइलमध्ये बघत असतानाच शेजारची म्हातारी बाहेर आली. तिनं हिला ओळखलं. कुलपाचं कारण तिच्याकडून कळलं, आणि ते इतकं साधं होतं की हिला आधी सुचलंच नव्हतं. भाऊबीज असल्यामुळे वहिनीही तिच्या भावाकडे गेली होती, जवळच्याच एका खेड्यात, आणि भाऊ तिला सोडायला. म्हातारीनं तिथल्या तिथं त्याला फोन लावला. तासाभरात तो मोटरसायकलवरून आला. गाडी स्टँडवर लावली, किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाला, 'आधी फोन नाय करायचा का? जेवून आलो ना मी तिकडं.'

सहा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे. घरात वहिनी नाही, कुंकवाची डबी कुठं, निरांजन कुठं, याला काही माहीत नाही. दोघांनी मिळून फडताळं धुंडाळली. शेवटी म्हातारीनं आपल्या घरातलं ताट आणून दिलं आणि तिनं भावाला ओवाळलं. आईचा विषय निघाला तो संध्याकाळी, वहिनी परत आल्यावर. निरोप द्यायला सांगितलेला माणूस त्या दिवशी गावाला निघून गेला होता, हे भावानं तेव्हाही सांगितलं होतं. हिनं तेव्हा ऐकलं नव्हतं. आता ऐकलं. ती दोन दिवस राहून आली.

'मग माझा फोन का नाही घेतलास?' मी विचारलं.

'आधी राग होता म्हणून. मग शिव्या दिल्या त्याची लाज वाटली म्हणून.' ती हसली. 'आणि क्लासचं म्हणाल तर आता नाय यायची मी. मला पंचांग वाचता यायला पायजे होतं, ते आलं. बाकी ते अंशबिंश माझ्याच्यानं होत नाय.'

मला खरंतर रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. नुसता मोठा श्वास सुटला. आठ-दहा दिवस छातीवर घेऊन फिरत होते ते ओझं त्या पोत्यावर बसल्या बसल्या उतरलं. तिनं आपलं घर स्वतः गाठलं होतं. माझ्यामुळे गेली नव्हती, आणि माझ्यामुळे थांबलीही नव्हती. वट्यावरचा तो वेळ मात्र माझ्या नावावर होता, आणि तो तिनं मला स्वच्छ सांगून टाकला होता, हे मला बरं वाटलं.

मीही जुड्या बांधायला घेतल्या. काटे दोनदा टोचले. तिनं माझ्या दोन जुड्या सोडून पुन्हा बांधल्या, कारण माझी फुलं एका पातळीत येत नव्हती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. भावाचा होता. तिनं तो स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला आणि हात चालू ठेवले. बाजरी झाली होती, पाठवू का, असं तो विचारत होता. ही म्हणाली, पाठव, पण गेल्या वेळसारखी खडेवाली नको. तो म्हणाला, गेल्या वेळी कधी पाठवली होती, सहा वर्षं झाली. ही म्हणाली, तीच म्हणतेय मी, खडे अजून लक्षात आहेत. मग खड्यांवरून दोघांचं बराच वेळ चाललं. मी निघते अशी खूण केली. तिनं बोलता बोलताच जुळवून ठेवलेली एक जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

रिक्षा मिळेना म्हणून मी हमरस्त्यापर्यंत चालत आले. ऊन होतं, पण थंडीतलं, अंगाला बरं वाटणारं. बसथांब्याशी एक बाई पेरू विकत होती. मला एकदम सणकून भूक लागल्याचं जाणवलं. मी चार पेरू घेतले, एकाला तिखटमीठ लावून मागितलं आणि बस येईपर्यंत उभ्या उभ्याच तो संपवला.