न धुतलेलं चिकन

माझ्या सासूबाई एकदा मनात आलं की कुठल्याही गोष्टीच्या हात धुऊन मागे लागत, पण सगळ्यांत जास्त चिकनच्या. कारखान्याच्या फाटकासमोर आमची खानावळ आहे. सकाळी चिकन आलं की त्या बाह्या सरसावून सिंकपाशी उभ्या राहत आणि नळ पूर्ण सोडून एकेक तुकडा चोळचोळून धूत. शेंतोडे भिंतीवर, ओट्यावर, माझ्या चष्म्यावर. मी एकदा म्हटलं, "अहो आई, आंघोळ झालीच आहे, आता पावडरही लावा त्याला." त्यावर चांगला आठवडाभर अबोला.

गिऱ्हाईक मात्र या स्वच्छतेवर खूश. कारखान्यातला एक वेल्डर दोन्ही वेळा आमच्याकडेच जेवायचा. "काकूंच्या हातचं डोळे मिटून खावं," असं तो नव्या माणसाला बजावायचा.

मग एकाएकी आमच्याकडे जेवणारे बरेच जण आजारी पडले. ताप, जुलाब, पोटात मुरडा. बाकीचे घरीच बरे झाले, वेल्डरला मात्र दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. आरोग्य खात्याच्या तपासनीस बाई आल्या आणि दिसेल तिथून नमुने घेऊन गेल्या. निघाला साल्मोनेला, कोंबडीच्या आतड्यात राहणारा जंतू. तोच वेल्डरच्या तपासणीत, तोच आमच्या सिंकमध्ये आणि तोच सिंकशेजारी काकडी निथळत ठेवतो त्या चाळणीवर.

"नीट शिजवलं की चिकनमधला जंतू मरतो," बाई म्हणाल्या. "पण धुताना शेंतोड्यांबरोबर तो काकडीवर उडतो. आणि काकडी काही कोणी शिजवत नाही."

"मग अजून चांगलं धुऊ?" सासूबाईंनी विचारलं.

"काकू, धुवायचंच नाही."

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. हयगय केली असती तर त्यांनी कबूल करून टाकली असती. पण ज्याचा जन्मभर अभिमान बाळगला त्यानेच घात केला होता. सगळं घासूनपुसून, परवानगी मिळवून आम्ही खानावळ पुन्हा उघडली, तरी त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात. "मी माणसं आजारी पाडते," एवढंच म्हणायच्या आणि गल्ल्यावर खाली मान घालून बसायच्या. इतकी वर्षं मी त्यांच्यावर वैतागले, पण तेव्हा मला फार वाईट वाटलं. शिवाय माझ्या हाताला ती चव नाही. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नव्हतं, पण पानात टाकत होतं.

आणि एका दुपारी वेल्डर आला. नुसता निम्मा झाला होता. सासूबाई उठून उभ्या राहिल्या, पण त्यांना त्याच्याकडे बघवेना.

"काकू, दवाखान्यातल्या जेवणाला विटलो. चिकन करा."

"सूनबाई करेल हो."

"त्यांच्या हातचं खायला बरा होऊन आलोय होय मी?"

मला खरं तर राग यायला हवा होता. मी खुदकन हसले आणि सासूबाईंना हाताला धरून आत नेलं.

काकडी पलीकडच्या टेबलावर झाकून ठेवली होती. सासूबाईंनी चिकनची पिशवी उचलली आणि त्यांचा हात आपोआप नळाकडे गेला. मागे घेतला. परत गेला. "अगं, धर मला," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. मी नळाला पाठ लावून आडवी उभी राहिले. शेवटी तोंड फिरवून त्यांनी पिशवी थेट पातेल्यात रिकामी केली. नंतर साबणाने स्वतःचे हात असे घासले की धुण्याची सगळी हौस तिथेच फेडून घेतली. शिजल्यावर सगळ्यांत जाड तुकडा फोडून आत कुठे गुलाबी नाही ना, ते मला दोनदा बघायला लावलं.

वेल्डरसमोर ताट गेलं. आजूबाजूचे हात जेवता जेवता थांबले. त्याने मिस्कीलपणे वर पाहिलं.

"काकू, चिकन स्वच्छ धुतलंय ना?"

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"नळाच्या जवळसुद्धा नेलेलं नाही!" त्या फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

वेल्डरने डोळे मिटले आणि पहिला घास घेतला.