रिकाम्या तारखेचा प्रश्न

आमच्या वहिनीला तिच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात ‘प्रश्नावली’ म्हणतात. म्हणोत बापडे! मी रक्तपेढीच्या काउंटरवर असते. आमच्या कॉम्प्युटरवर रक्तदाते शोधायचे तर शोध कोणत्या शब्दांत लिहायचा, हे ठरवायचं काम तिच्याकडे आलं आणि ती आधी माझ्या शेजारी स्टूल टाकून बसली. “वन्सं, डॉक्टर फोनवर कसं विचारतात ते ऐकू द्या मला.”

तिच्या साहेबांना चिन्हांची भाषा हवी होती. कंस, बाण, टिंबं, सगळं झटपट. “घाईत एखादा कंस राहिला तर?” वहिनीने विचारलं. साधे शब्द ठरले.

पण बाईंचं तेवढ्यावर भागेना. ‘शेवटचं रक्तदान तीन महिन्यांपूर्वीचं’ असं लिहिलं, की ज्यांनी नाव नोंदवून अजून रक्तच दिलं नाही, त्यांची तारीख रिकामी असल्यामुळे ते गुपचूप गळत. तिने नियमच घातला: तारखेची अट लिहिली की पुढे ‘तारीख नसलेले धरा’ किंवा ‘वगळा’ लिहायचंच. नाहीतर शोध अडणार.

साहेब भडकले. “उगाच कटकट!” मीही वैतागले होते, खोटं कशाला बोलू? वहिनी ढिम्म. आवाज चढवला नाही आणि नियमही काढला नाही.

मग एका दुपारी शेजारच्या प्रसूतिगृहातून फोन आला. बाळ सुखरूप, पण आईचा रक्तस्राव थांबेना, आणि रक्तगट लाखात एखाद्याचा. आमच्याकडे तिला चालेल अशी एकही पिशवी नव्हती. फोनपाठोपाठ धावत आलेली बाळाची मावशी काउंटर घट्ट धरून उभी. गडबडीत मी रक्तगटापुढे नुसती तारखेची अट लिहिली आणि शोध अडला. ‘तारीख नसलेले?’

‘धरा,’ मी लिहिलं.

एकच नाव आलं. वहिनीचे साहेब! आमच्या पेढीच्या उद्घाटनाला फोटोपुरती नावनोंदणी आणि रक्तगटाची तपासणी करून गेले होते, ते सुईच्या धास्तीने पुन्हा फिरकलेच नव्हते.

फोन करताच तडक आले हो, घामाघूम होऊन. डोळे मिटून हात पुढे केला. तपासण्या उरकून पिशवी पोचेपर्यंत डॉक्टरांनी किल्ला लढवला. मावशी साहेबांचा हात सोडेना, आणि एरवी कुणाला बोलू न देणारा माणूस तिचं सगळं ऐकत उभा राहिला.

संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं. दुसरी कुणी असती तर गावभर मिरवली असती. हिने विचारलं, “आई कशी आहे?”

“वाचली गं.”

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, “वन्सं, साहेबांची तारीख भरलीत ना?”